वेणी घातलेली चाकं

माघ सरत आला की नांदेडात आमच्या रस्त्यावर चेहरे उगवतात. चौकाचौकात, दुकानांच्या माथ्यावर, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या अंगावर, गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरापोरींचे हे एवढाले चेहरे. चेहऱ्याखाली मार्क, मार्कांखाली क्लासचं नाव, आणि क्लासचं नाव चेहऱ्यापेक्षाही मोठं. त्या फलकांखालून अकरावी-बारावीची पोरं मान खाली घालून सायकली हाणत जातात. वर बघायला त्यांना सवड नसते, आणि माझं मत विचाराल तर त्यांनी बघूही नये.

आयटीआयमधून घरी येताना मी या दिवसांत एखाद्या क्लासच्या दारापुढं थांबते. आत शिकवणी चाललेली असते आणि बाहेर सायकली एकमेकींच्या अंगावर रेललेल्या असतात. चाकांवर तिरपं ऊन पडलेलं असतं आणि रस्त्यावर तारांच्या सावल्यांचं जाळं पसरलेलं असतं. चाकातल्या आऱ्यांना आम्ही दुकानात ताराच म्हणायचो. सगळ्या चाकांची वीण एकसारखी. मधल्या हबपासून निघालेली तार वाटेत तीन तारांना ओलांडते आणि मग रिमला जाऊन भिडते. ही वीण चांगली आहे, मजबूत आहे, मी स्वतः कितीतरी चाकं तशी बांधली आहेत. पण परीक्षेचा हा मोसम आला की मला दुसरीच वीण आठवते. तिच्याबरोबर लातूरचा तो तापलेला पत्रा आठवतो, पंक्चरच्या सोल्युशनचा वास आठवतो, आणि मंगल.

मी अहमदपूरची. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणी शाळा आतून पाहिलेली नव्हती, त्यामुळं माझ्याबद्दल त्यांनी जे ठरवलं होतं ते नुसतं हौसेनं ठरवलेलं नव्हतं. मी डॉक्टर व्हायचं होतं. दहावीला मार्क बरे पडले तसं त्यांनी मला एसटीत बसवून लातूरला मामांकडं आणून सोडलं. "बारावीपर्यंत हिला पुस्तकाबाहेर बघू देऊ नका," असं मामांना सांगून ते उलट्या गाडीनं परत गेले.

मामांचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. माणूस फटकळ, पण मनानं मोकळा. वाकडं झालेलं चाक सरळ करण्याला दुकानदार 'आउट काढणं' म्हणतात. अख्ख्या लातुरात आउट काढावा तर मामांनीच, असं मामा स्वतः सगळ्यांना सांगायचे.

अकरावीचे वर्ग नुकते कुठं रुळले होते. गणपती बसले, गणपती उठले, आणि त्या पहाटे जमीन हलली. औशाकडची, निलंग्याकडची गावं झोपेतच मातीखाली गेली. लातूर शहर वाचलं, पण आमच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली आणि आम्ही दुकानासमोर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. कॉलेज बंद. पुस्तकं मातीत. मामी दिवसभर शेडच्या दाराशीच बसून राहायच्या, आत यायचं नाव नाही. मी काय करणार? दुकानाच्या कोपऱ्यात भंगारातली चाकं पडली होती. ती सोडवत बसले.

चाक सोडवताना कळतं की ते किती थोडक्यात उभं असतं. एकेक तार म्हणजे नुसती काडी. दोन बोटांनी वाकते. पण सगळ्या जणी आपापल्या बाजूनं ओढत राहिल्या की त्या काड्यांवर माणूस बसतो, त्याच्या मागं ज्वारीचं पोतं बसतं. आमच्याकडची ती दगडमातीची रुंद भिंतींची घरं नुसत्या वजनावर उभी होती, आणि वजनच माणसांच्या अंगावर आलं. चाक वजनावर उभं नसतं, ताणावर उभं असतं. मला त्या दिवसांत वजनाची भीती बसली होती. म्हणून असेल, पण ताणलेली तार बोटानं छेडली आणि ती टणकन वाजली की जिवाला बरं वाटायचं.

सोडवलेलं चाक पुन्हा बांधायला मी शिकले. मग वेगवेगळ्या रीतींनी बांधून बघू लागले. एकात तारा कुणालाही न ओलांडता सरळ सूर्याच्या किरणांसारख्या सोडल्या. एकात तीन-तीन तारांचे झुपके केले, कावळ्याच्या पायासारखे. एकात शेजारच्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ घालून गुंफल्या आणि मग पुढं नेल्या. मामा बिडी ओढत बघत होते.

"ह्ये काय करून राहिलीस?"

"बघते मामा, आणखी कोणत्या रीतीनं उभं राहतं का."

"उभं ऱ्हाईल की. चालंल का, त्ये सांग."

पण ती चाकं त्यांनी मोडली नाहीत. दुकानाच्या दर्शनी भागात खिळ्यांना टांगली. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, "ह्ये काय हाय?" मामा म्हणायचे, "भाचीची करामत. भूकंपानं डोकं फिरलंय पोरीचं."

मंगल माझ्या आयुष्यात आली तेव्हा भूकंपाला वर्ष व्हायचं होतं. मी बारावीत गेले होते, शहर सावरलं होतं, आणि शिकवण्यांचं पीक फोफावत होतं. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरत होती. ज्या घरांना तडे होते त्यांच्यावरच नवे मजले चढत होते आणि त्या मजल्यांवर क्लास भरत होते. अशाच एका दुपारी रस्त्याच्या वळणावर गर्दी दिसली. मी आणि मामा धावत गेलो. हातानं चालवायची तीनचाकी सायकल एका अंगावर कलंडली होती. मागचं एक चाक पापडासारखं दुमडलं होतं. आणि त्या कलंडलेल्या सायकलीत, आधाराची दांडी घट्ट धरून, माझ्याच वर्गातली एक मुलगी बसली होती. कॉलेजात व्हरांड्याच्या कडेला बसलेली मी तिला पाहिली होती, बोलले कधी नव्हते.

माणसं तिला उचलायला वाकत होती. "चल बाई, सावलीत बस," असं कुणीतरी म्हणत होतं. ती त्यांचे हात बाजूला सारत होती.

"मला नका उचलू," ती म्हणाली. "चाक उचला."

मामांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग शेजारच्या बांधकामावरून विटा आणल्या, दोघा जणांना आस उचलायला लावली, खाली विटा रचल्या आणि दुमडलेलं चाक काढून घेतलं. दुकानात चाक सरळ होईपर्यंत ती तिथंच, भर उन्हात, विटांवर टेकलेल्या सायकलीत बसून राहिली. मी तिच्याजवळ थांबले. थोड्या वेळानं तिनं दप्तरातून भौतिकशास्त्राचं पुस्तक काढलं आणि मला विचारलं, "तुमच्या क्लासात हा धडा झाला?"

तिचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. घर लातुरातलंच. पण भूकंपाच्या वेळी ती गणपतीसाठी औशाकडं आजोळी गेली होती. आजी गेली, आणि पाठीवर भिंत पडून मंगलचे पाय गेले. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही परीक्षेच्या अर्जातली माहिती सांगावी त्या आवाजात. दवाखान्यात तिचं बारावीचं वर्ष बुडालं आणि म्हणून ती आमच्या वर्गात आली. तीनचाकी एका शिबिरात मिळाली होती. चांगली मजबूत होती, फक्त तिची चाकं टिकत नव्हती. दर काही दिवसांनी वळणावर एखादं चाक दुमडायचं आणि मंगल पुन्हा आमच्या दुकानात यायची.

मामांनी जाड तारा घातल्या. तरी दुमडलं. मग आम्ही तिघंही त्यावर विचार करत बसलो. मामांचं म्हणणं, रस्ता वाईट. माझं म्हणणं, दोन चाकांची सायकल वळताना कलते, म्हणून भार चाकाच्या सरळ रेषेत जातो. तीनचाकीला कलता येत नाही, तिचं चाक आडवं ढकललं जातं. मंगल म्हणाली, "म्हणजे दोन्ही पाय फाकवून उभं राहिलं की माणूस ढकलला जात न्हाई, तसं चाकाला करा." ते ऐकून मामांची ट्यूब पेटली. त्यांनी लेथवाल्याकडून नवा हब करून आणला, दोन्ही बाजूंच्या ताटल्या एकमेकींपासून लांब असलेला. तारा आता दोन्हीकडून रुंद फाकून रिमला धरणार होत्या.

चाक बांधायला घेणार, एवढ्यात मंगलनं भिंतीकडं बोट दाखवलं. "हे चाक तसं बांध. वेणीचं."

ती पिळाची वीण होती, दोन-दोन तारा गुंफलेली. तोवर तिला काही नाव नव्हतं. मंगलनं दिलं.

मामा हसले. "पोरी, चाकाला वेणी घालायची म्हणतीस? मग गजरा बी माळ."

"माळीन की."

"अगं पण त्येची काय गरज हाय? साधी वीण बेस हाय. ही नुसती दिसायला."

"दिसायलाच पाहिजे, मामा," मंगल म्हणाली. ती हसत नव्हती. "मी रस्त्यानं निघाले की सगळी माणसं माझ्या पायांकडं बघतात. बघितलं की च्च च्च करतात. बघणार तर हायतच. मग चाकाकडं बघू द्या."

मामांनी ते चाक खिळ्यावरून उतरवून माझ्यापुढं ठेवलं. मी तारा ताणायची चावी हातात घेतली.

पहिलं वेणीचं चाक फसलं. पीळ घातला की तार वाटेतच थोडी खर्ची पडते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तारा आखूड पडल्या, रिममध्ये तार धरून ठेवणाऱ्या निपल जेमतेम पेचात अडकल्या आणि मंगलच्या घराच्या वळणावरच त्यातल्या काही सुटल्या. मामांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. मी लांब तारा घेऊन पुन्हा बांधलं. या वेळी चाक उभं राहिलं, चाललं, आणि दोन दिवसांत ढिलं पडलं. पीळ एकमेकींत बसत जातात तशा तारा सैल होतात, हे चालवल्याशिवाय कळणारं नव्हतं. पुन्हा ताणलं. पुन्हा ढिलं, पण कमी. मंगल रोज यायची, मी रोज प्रत्येक तार छेडून बघायची आणि जिचा आवाज पडलेला असेल तिला चावी द्यायची. एक दिवस सगळ्या तारा एका सुरात वाजल्या. नंतर ते चाक दुमडलं नाही. मग दुसरंही तसंच केलं. समोरच्या तिसऱ्या चाकासाठी मंगल म्हणाली, "त्याला सूर्य लाव."

ती तीनचाकी रस्त्यानं निघाली की चाकात फुलं फिरत आहेत असं दिसायचं. आणि माणसं खरंच चाकांकडं बघायला लागली. "कुठून आणली हो?" असं विचारायला लागली. च्च च्च कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या आधी एक प्रश्न यायला लागला, आणि प्रश्नाला मंगल उत्तर द्यायची.

माझा भौतिकशास्त्राचा क्लास एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. सरांचं नाव तेव्हा लातुरात फार चाललं होतं. पोरं इतकी, की सर माईकवरून शिकवायचे. मंगलला त्याच क्लासला यायचं होतं. मी सरांना भेटले. म्हटलं, खालच्या मजल्यावर रिकामा हॉल आहे, आमची एक बॅच तिथं घ्याल का?

"एका मुलीसाठी सगळी बॅच खाली आणू?" सर म्हणाले. वाईट माणूस नव्हता, घाईत असलेला माणूस होता. "आमचा शिपाई आहे ना. रोज उचलून आणेल, उचलून नेईल. तिला सांग, लाजायचं काही कारण नाही."

मी मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "लाजत न्हाई मी. पोतं न्हाई मी."

दुसऱ्या दिवसापासून ती इमारतीच्या कडेला, सरांच्या खिडकीखाली, तीनचाकी लावून बसू लागली. माईकचा आवाज गल्लीत यायचा. ती ऐकून लिहून घ्यायची. फळ्यावर काय काढलं ते तिला दिसायचं नाही, म्हणून क्लास सुटला की मी खाली येऊन तिला आकृत्या काढून दाखवायची. थंडी सरली, मोहोराचा वास गल्लीत यायला लागला, शेजारच्या गिरणीतून पिठाचा धुरळा तिच्या वहीवर बसायचा. ती फुंकर मारून पुढं लिहायची. येणारे-जाणारे थांबून चाकं बघायचे. क्लासला येणारी पोरंही बघायची. मग एके दिवशी खिडक्या बंद झाल्या. सरांनी वर्गात सांगितलं की, बाहेरच्या गोंगाटानं शिकवायला त्रास होतो.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, बाहेर गोंगाट नव्हता. बाहेर मंगल होती."

सर म्हणाले, "तुला एवढी काळजी असेल तर तूही खाली बस."

मी वह्या उचलल्या आणि जिना उतरून खाली आले. आजही कुणाला हे सांगितलं की लोक विचारतात, तुला भीती नाही वाटली? वाटली. जिना संपेपर्यंत कठडा सोडला नव्हता. पण त्या जिन्यावरून खाली येतानाच मला पहिल्यांदा वाटलं की हे वर्ष माझं आहे.

बातमी अहमदपूरला पोचायला वेळ लागला नाही. बाबा आले ते थेट दुकानात. मी चाक मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर तीनचाकीत मंगल मला पुस्तकातला प्रश्न वाचून दाखवत होती. बाबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझे काळे झालेले हात पाहिले.

"तुला लातूरला चाकं बांधायला पाठवलं होतं का?"

"अभ्यास करते मी, बाबा. आम्ही दोघी करतो."

"क्लास सोडून?"

"क्लासनं तिला घेतलं न्हाई."

"तिला घेतलं न्हाई. तुला घेतलं होतं ना?" बाबांचा आवाज चढला. "आपल्याला कुणी कधी आत घेतलं होतं का? दाराबाहेर बसून शिकले माझे वडील. तुला आत जागा मिळाली, आणि तू उठून बाहेर आलीस!"

हे बोलून ते थांबले. त्यांचंच वाक्य त्यांच्या कानांवर पडलं असावं. मी काही बोलायच्या आधी मंगलच बोलली, हळू, पण सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत. "म्हणूनच ती आली असंल, काका."

मामांनी चहा मागवला, तो बाबांनी घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "परीक्षा दे म्हणजे झालं." मला ती परवानगी आहे की राग आहे हे कळलं नाही. बहुतेक दोन्ही होतं.

आणि मग परीक्षेचा तो मोसम ऐन भरात आला. आमचं राहणं आणि आम्हा दोघींचा अभ्यास अजून त्या शेडमध्येच होता. फाल्गुनात दुपारी पत्रा तापला की कडाड वाजायचा, आणि त्या आवाजासरशी शेडमधली माणसं ताटावरून उठून बाहेर पळायची. बाहेर आल्यावर कळायचं की जमीन नाही, पत्राच. मग एकमेकांकडं बघून हसायची, पण लगेच आत जायची नाहीत. मंगलला पळता यायचं नाही. पहिल्या वेळी पत्रा वाजला तेव्हा मी बाहेर पळाले आणि ती आत राहिली. परत आले तर ती पुस्तकावर बोट ठेवून तशीच. मी काही म्हणणार तोच ती म्हणाली, "पुढचं पान." त्यानंतर पत्रा कितीही वाजला तरी मीही उठले नाही. आम्ही एकमेकींकडं बघायचो आणि वाचत राहायचो. धाडसाची व्याख्या मला कुणी विचारली तर मी अजूनही तेच सांगेन, तापलेल्या पत्र्याखालचं ते पुढचं पान.

भाषांचे पेपर आमच्या कॉलेजातच झाले, भौतिकशास्त्राला मात्र केंद्र नवीन होतं, आणि त्या दिवशी मंगल स्वतःच्या हातांनी सायकल चालवत केंद्रावर आली. मी सायकलवर तिच्या शेजारी. शाळेचं फाटक, फाटकाआत उतार, उताराच्या तळाशी काटकोनात वळण. चाकांची खरी परीक्षा तिथं होती. तारा कुरकुरल्या, चाक आडव्या रेट्याला उभं राहिलं आणि मंगल वळली. मैदानातली पोरं पुस्तकं मिटून बघत राहिली.

पण तिचा नंबर वरच्या मजल्यावर लागला होता. खालच्या खोलीसाठी कॉलेजात आधीच विनंती केली होती. ती वाटेत कुठं राहिली कोण जाणे. केंद्र सांभाळणाऱ्या बाई घाईघाईनं आल्या.

"शिपाई उचलून नेतील बाळ. पाच मिनिटांचं काम."

"मी इथं व्हरांड्यात लिहिते, बाई."

"तसं नियमात बसत नाही."

"मी पण जिन्यात बसत न्हाई, बाई."

बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. "पेपर सुरू होईल आता. वर जा सगळ्या जणी."

पहिली घंटा झाली. पोरी वर गेल्या. मी गेले नाही. मंगल मला ढकलत होती. "सुजाता, जा. येडी हायेस का? जा म्हणते ना." मी तिच्या तीनचाकीच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिले. दुसरी घंटा झाली. वरच्या मजल्यावर बाकं सरकल्याचा आवाज आला, मग एकदम शांतता पसरली. त्या शांततेत बाबांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला आणि मी दांडी आणखी घट्ट धरली.

"तू का उभी?" बाई माझ्यावर ओरडल्या.

"हिला पेपर मिळाला की जाते."

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. घड्याळाकडं पाहिलं. मग शिपायाला हाक मारली, "अरे, एक बाक खाली आण. आणि वरच्या वर्गावरून एक शिक्षक पाठव." त्यांचा आवाज रागाचा होता, पण बाक आलं. तीनचाकीत बसून मंगलचा हात बाकापर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून बाईंनी स्वतः ते बाक पुढं ओढून दिलं. तिच्या हातात प्रश्नपत्रिका पडलेली मी पाहिली आणि जिना चढत सुटले.

माझा तो पेपर अर्धवट राहिला. शेवटच्या मोठ्या गणिताला मी पोचलेच नाही. निकालात भौतिकशास्त्राचे मार्क बघून बाबांनी विचारलं, "हे मार्क कुठं गेले?" मी म्हटलं, "खाली व्हरांड्यात." पुन्हा परीक्षेला बसायला त्यांनी सुचवलं, मग सांगितलं, मग विनवलं. मी नाही म्हटलं. डॉक्टर व्हायचं नाही हे मला त्याआधीच कळलं होतं. व्हरांड्यानं फक्त माझं काम सोपं केलं. मी नांदेडला पॉलिटेक्निकला आले, मशिनी शिकले, आणि पुढं आयटीआयमध्ये शिकवायला लागले. बाबा बराच काळ माझ्याशी मोजकंच बोलले. मग एका सुट्टीत मी घरी गेले तर त्यांची जुनी सायकल अंगणात उलटी करून ठेवलेली. "मागचं चाक घासतंय," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. मी आउट काढला. ते उठून आले, चाक फिरवून बघितलं, आणि फिरतच ठेवलं.

मंगल लातुरातच आहे. गणित घेऊन शिकली, आता गणित शिकवते. तिच्या गाडीला अलीकडं बॅटरी आली आहे, पण मागच्या चाकांच्या वेण्या मीच घालते. चार-दोन वर्षांनी रिम गंजते, मग ती फोन करते, "ये गं, केस मोकळे झाले." मी जाते. आता सायकलवेडी पोरंही लांबून माझ्याकडं चाकं बांधून घ्यायला येतात. कुणी कावळ्याचा पाय मागतं, कुणी सूर्य. मला विचारतात, मॅडम, या विणीनं वेग वाढतो का? नाही वाढत. मजबुती? चांगली बांधली तर साध्या विणीइतकीच. मग कशासाठी? मी म्हणते, ते तुझं तू ठरव. कारखान्यातून येते तेवढी एकच रीत नसते, हे ज्याला हातानं एकदा करून बघायचं असेल त्यानं घ्यावं.

बारावीच्या त्या उन्हाळ्यातली, निकालानंतरची गोष्ट. मंगलला मार्क चांगले पडले होते, गणितात तर फारच. तिच्या घरी पेढे वाटणं चाललं होतं, मीही तिथंच होते. एवढ्यात क्लासच्या सरांचा एक माणूस आला, सोबत फोटोवाला आणि हार. सरांनी फलक लावायचा ठरवला होता. इतर पोरांच्या मधोमध, सगळ्यांत मोठा, तीनचाकीत बसलेल्या मंगलचा फोटो. खाली लिहायचं, 'आमची जिद्दी विद्यार्थिनी'.

मंगलचे वडील संकोचून उभे राहिले. फोटोवाला तीनचाकीभोवती फिरत होता. "चाकं मस्त येतील फोटोत," असं तो म्हणाला.

मंगलनं हार बाजूला ठेवला. "मी तुमची विद्यार्थिनी केव्हा होते?"

"सर म्हणाले, तुम्ही ऐकायच्या ना... खाली बसून." तो माणूस जरा अडखळला. "तेवढंच प्रोत्साहन. दुसऱ्या मुलांना."

"तुम्हाला माझा फोटो पायजे?"

"हो ताई."

"माझा नको. सरांना म्हणावं, तुमच्या जिन्याचा लावा. तळापासून वरपर्यंत अख्खा दिसला पायजे. खाली लिहा, ही पोरगी इथून वर आली न्हाई."

फोटोवाल्यानं कॅमेरा खांद्याला अडकवला. तो माणूस दारापर्यंत गेला, थबकला, आणि मागं वळून म्हणाला, "मग ताई, सरांना काय... नाही म्हणून सांगू?"

"नाही म्हणून नका सांगू," मंगल म्हणाली. "मी जे म्हणलं ते सांगा."